मंगलाष्टकात आमचं नाव घेतलं का?

मला शार्दूलविक्रीडित येतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या निमगाव सावा गावात ते आणखी कुणाला येत असेल, तर त्यांनी आजपर्यंत तसं कळवलेलं नाही. एका ओळीत एकोणीस अक्षरं, त्यातलं कुठलं लांब आणि कुठलं आखूड म्हणायचं हे पक्कं ठरलेलं. लग्नातली मंगलाष्टकं म्हणतात ती याच चालीत. यंदा नववीत असताना तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा दुसरा नंबरही आला. पहिला आलेला मुलगा नुसता ओरडत होता. ही तक्रार नाही, नोंद आहे.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मात्र घरी पाहुणे आले की मी धान्याच्या कोठीमागे जाऊन बसायचे. वृषालीताई, म्हणजे माझ्या आत्याची मुलगी, तेव्हा आमच्याकडे राहून कॉलेज करत होती. तिने मला रोज संध्याकाळी विहिरीच्या काठावर उभं करून आत तोंड घालून मोठ्याने बोलायला लावलं. विहीर ऐकते, परत बोलते आणि हसत नाही, असं तिचं म्हणणं. "माझ्या लग्नात मंगलाष्टक तूच म्हणायचं, ऋतिका. माईकवर. शब्द दे." मी दिला. तेव्हा तिचं लग्न ठरलेलं नव्हतं, त्यामुळे शब्द द्यायला काही अडचण नव्हती.

या मे महिन्यात ते ठरलं. स्थळ तळेघर, आत्याचं गाव. मुहूर्त बारा वाजून सदतीस मिनिटं. बाबा नवरीचे मामा, त्यामुळे त्यांनी नवरीला मंडपात आणून तिच्या मागे उभं राहायचं आणि मी माईकवर उभं राहायचं, अशी कामाची वाटणी झाली. मी तीन आठवडे खपून मंगलाष्टक रचलं:

*आली मंडपि आज ही नववधू ताई वृषाली पुढे*
*आला सूरज हा उभा नटुनिया, फेटा रुबाबी चढे*
*आशीर्वादच देउनी सकलही बोला मुखाने असे*
*देवा दे सुख सासरी हरघडी, कुर्यात् सदा मंगलम्*

चार ओळी. मी इथेच थांबायला हवं होतं. जगातल्या पुष्कळ माणसांनी चार ओळींवर थांबून नाव कमावलेलं असणार.

पहिली ठिणगी शेजारच्या चिमाकाकूंनी टाकली. आदल्या दिवशी त्या आत्यासाठी शेवयांचा डबा घेऊन आल्या आणि ओट्यावर बसून मंगलाष्टक ऐकलं. डोळे मिटून ऐकलं, म्हणून मला वाटलं आवडलं.

"ग्वाड हाय," त्या म्हणाल्या. "पर आमचं नाव कुठं हाय?"

"काकू, यात फक्त नवरा-नवरीचं नाव असतं."

"कोन म्हनतं? माज्या पुतनीच्या लग्नात पार दूध डेरीच्या चेअरमनचं घेतलं व्हतं. दोन वरसं त्या वृषालीनं आमच्या म्हशीचं दूध पिलंय. म्हशीचं नगं घेऊ. माजं घे."

मंगलाष्टकात नाव येणं म्हणजे काय, हे बाहेरच्यांना कळायचं नाही. आमच्याकडे आहेर विसरला तर चालतो, जेवणात मीठ विसरलं तर चालतं. पण माईकवर नाव राहिलं, तर तो माणूस पुढच्या तीन लग्नांत जेवण न करता निघून जातो आणि का गेलो ते सगळ्यांना सांगतो. मी रात्रीच्या आत चिमाकाकूंचं कडवं केलं: *आल्या शेवइ घेउनी बघ चिमाबाई दुधाच्या सवे.* काकूंनी त्यातही चूक काढली. त्यांनी दूध आणलेलं नव्हतं, नुसत्या शेवया आणल्या होत्या. पण नाव आलं म्हणून त्यांनी दूध पदरात घेतलं.

तळेघर आमच्या पश्चिमेला आहे. म्हणून आम्ही सकाळी सहाला उत्तरेकडे निघालो.

"आळ्याला अश्विनीकडं डोकावल्याशिवाय गेले तर ती जन्मात बोलणार नाही," आई म्हणाली. अश्विनीमावशी ही आईची शाळेपासूनची मैत्रीण. बाबांचं म्हणणं असं होतं की, जाता जाता डोकावायचं तर ते घर जाण्याच्या वाटेवर असावं लागतं. हे म्हणणं त्यांनी गाडीच्या खिडकीबाहेर तोंड काढून, समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत मांडलं. आईकडे बघून ते असं काही मांडत नाहीत.

माझं मंगलाष्टक आईने गाडीच्या कागदांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलं होतं. त्या पिशवीत आरसी बुक, विमा, लग्नपत्रिका आणि भीमाशंकरचा अंगारा असतो. आईच्या मते घरातली ही सगळ्यात सुरक्षित जागा आहे, कारण ती कधी उघडावी लागत नाही.

आळ्याला सात वाजता पोचलो. अश्विनीमावशीने पोहे टाकलेले, मागे शिऱ्याची कढई. आई उंबऱ्यातूनच म्हणाली, "बसत नाही गं, खरंच बसत नाही. ऋतिकाला तिकडं मंगलाष्टक म्हणायचंय. स्वतः रचलंय तिनं."

हे आईने सुटका व्हावी म्हणून सांगितलं. त्या दिवशी आईने सुटकेसाठी हे वाक्य जिथे जिथे वापरलं, तिथे तिथे आम्ही एक तास बसलो.

"स्वतः रचलंय?" मावशीने गॅस बारीक केला. "मग आमचं नाव घेतलंस ना गं? वृषालीच्या साखरपुड्याचा ब्लाऊज मी शिवलाय."

आतल्या खोलीतून मावशीच्या सासूबाई, तुकाबाई, काठी टेकत आल्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. त्यांना ऐकू कमी येतं, पण नेमकं येतं.

"माजं बी घाल पोरी. आन मालकांचं बी."

"आजी, आजोबा तर..."

"गेल्याला बारा वरसं झाली, म्हाईत हाय मला. पर व्हते तवा पंचक्रोशीतलं एक लगीन सोडलं नाय. पैल्या पंगतीला बसायचे. आता काय ते नगं?"

"बरं. आजोबांचं नाव काय?"

तुकाबाईंनी पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडे बघितलं. नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत. मावशी माझ्या कानात म्हणाली, "राघू." तुकाबाई भिंतीकडे बघूनच म्हणाल्या, "त्येच."

तीन कडवी. ती मी पोह्यांची बशी मांडीवर ठेवून लिहिली. निघताना मावशीने एक साडी, कांद्यांची एक गोणी आणि एक अट दिली: मंगलाष्टक सुरू झालं की फोन लावायचा, म्हणजे इथून ऐकता येईल. चिमाकाकूंनीही हीच अट घातली होती. आईने दोघींना हो म्हटलं. तळेघरला फोनची रेंज कशी असते, हे आईला माहीत होतं. पण हो म्हणायला रेंज लागत नाही.

नारायणगावला बाबांची पाळी होती. गोरखकाका हे बाबांचे पैलवानकीच्या काळातले मित्र. दोघांच्याही पोटाकडे बघून तो काळ कधी होऊन गेला हे ओळखता येत नाही. काका टोमॅटो पिकवतात, टोमॅटोवर बोलतात आणि जाणाऱ्याला टोमॅटो देतात. ते रस्त्यातच उभे होते.

"हनम्या, पाच मिंटं बस. न्हाईतर टायरातली हवा सोडीन."

"गोऱ्या, मुहूर्त हाये राव. मी मामा हाये."

"मामा हायेस म्हणून तर च्या पाजतोय. भावकीतला असतास तर पानी बी इचारलं नसतं."

पुढे काय झालं ते सांगत बसत नाही. आईने तिचं वाक्य वापरलं आणि आम्ही बसलो. काकांना आपलं एक कडवं हवं होतं आणि धाकटा भाऊ कुशाबा याचं एक, कारण दोघांत वाटणी झाली आहे आणि एकाचं नाव आलं तर दुसरा कोर्टात जाईल. घड्याळात साडेनऊ. मी घाईत लिहिलं: *टोमॅटो पिकवी न गोरख कधी.* एक अक्षर कमी पडत होतं, तिथे मी 'न' घातला. चाल झकास बसली. अर्थ मात्र असा झाला की गोरखकाका कधीही टोमॅटो पिकवत नाहीत. मी विचार केला, गाताना कोण अर्थ ऐकतंय.

काकांनी टोमॅटोची दोन क्रेट गाडीत घातली. एक डिकीत आणि एक माझ्या मांडीवर. डिकीतलं कांद्यांच्या गोणीवर बसलं आणि गाडीचं नाक वर झालं. मंचर मागे पडलं. माझ्याकडे आता सात कडवी होती. पहिलं पाठ होतं. उरलेली सहा मी मिळेल तिथे बसून घाईत लिहिली होती, त्यामुळे ती मला पाठ तर नव्हतीच, पण अक्षर हललं होतं तिथे वाचताही येत नव्हती. आईने कागद नीट घडी घालून पुन्हा पिशवीत ठेवला.

घोडेगावच्या अलीकडे एका हवालदाराने हात केला.

पन्नाशीचे, जाड मिश्यांचे, छातीवरच्या पट्टीवर 'सावळेराम'. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. मागे जाऊन थांबले, पुढे येऊन थांबले.

"कागदं."

बाबांनी पिशवी दिली. ती अख्खी दिली, हे महत्त्वाचं. हवालदारांनी एकेक बाहेर काढलं. आरसी. विमा. अंगारा, तो त्यांनी कपाळाला लावला. मग माझा कागद.

"हे काय?"

"मंगलाष्टक आहे साहेब," बाबा म्हणाले.

"कुनाच्या नावावर?"

"भाचीच्या."

हवालदारांनी चष्मा लावला आणि कागद पॅडवर क्लिपमध्ये अडकवला. ओठ हलायला लागले. मग उजव्या हाताची बोटं. ते अक्षरं मोजत होते! मी क्रेटसकट पुढे सरकले. आमच्या शाळेतल्या मराठीच्या सरांनीसुद्धा कधी माझी अक्षरं बोटांवर मोजली नव्हती, नुसतं 'छान' म्हणून सही केली होती.

"कुनी लिवलंय?"

"मी," मी म्हटलं. ताठ बसून म्हटलं. नाकासमोर टोमॅटो होते, पण म्हटलं.

"पैलं कडवं खणखणीत हाये. मी तीस वरसं झाली म्हंतोय मंगलाष्टकं. ड्युटी नसंल त्या दिवशी रोज एक लगीन. पर हे काय? 'टोमॅटो पिकवी न गोरख कधी.' ह्यो गोरख टोमॅटो लावतो का नाय?"

"लावतात."

"मांडीवर क्रेट कुनाचं?"

"त्यांचंच."

"मंग हे खोटं झालं." त्यांनी चष्मा काढला आणि बाबांकडे बघितलं. "गाडीला पीयूसी नाय आन कवितेला खरेपना नाय. काय चाललंय काय भाऊ?"

बाबांनी मान खाली घातली. पीयूसीसाठी घातली की माझ्यासाठी, हे मी अजून विचारलेलं नाही.

मग रस्त्याच्या कडेला उभं राहून सावळेरामांनी सातही कडवी चालीत म्हणून बघितली. आवाज पहाडी. दोन दुचाकीवाले थांबले, त्यांना वाटलं नवीन प्रकारची तपासणी आहे. आईने न राहवून विचारलं, "साहेब, तुमचंही नाव घालायचं का?" मला वाटतं आईला आता थांबता येत नव्हतं.

"छे छे. सरकारी मानसाला असं नाव घालून घेता येत नाय." त्यांनी बोटांवर मोजलं. "बसतं मात्र वृत्तात. सा-व-ळे-रा-म. शेवटाकडं बरोबर बसतं."

अकरा वीसला त्यांनी एका कागदावर काहीतरी लिहिलं, घडी घातली, सगळं पिशवीत भरलं आणि म्हणाले, "दंड करत नाय. लग्नाला निघालाय. आठ दिसात सगळं करून इथंच दाखवायला आना."

डिंभे धरणाच्या पुढे घाट लागतो. नाक वर झालेली गाडी घाटात आणखी वर बघायला लागली. बाबांना रस्ता दिसेना, तेव्हा आईने खिडकीतून बघून डावं-उजवं सांगितलं. तळेघर जवळ आलं तेव्हा बारा वीस झाले होते आणि अर्धा किलोमीटर आधीपासूनच वऱ्हाडाच्या गाड्यांची रांग होती. गाडी तिथेच सोडली. बाबांनी एक क्रेट डोक्यावर घेतलं, दुसरं तिथे ठेवायला तयार होईनात. गोऱ्याला कळलं तर, म्हणे. ते आई आणि मी दोन बाजूंनी धरलं. कांद्यांची गोणी मात्र आम्ही एकमताने गाडीतच सोडली. आम्ही कोरड्या भातखाचरांच्या बांधावरून मंडपाकडे निघालो.

तेवढ्यात खालून कर्ण्यावर आवाज आला:

"नवरी मुलीचे मामा जिथं कुठं असतील तिथून त्यांनी मंडपात यावं, ही विनंती."

बाबा जिथे होते तिथून येतच होते. ते बांधावरून "आलो! आलो!" म्हणून ओरडले, पण त्यांच्याकडे कर्णा नव्हता.

"मामांना पुन्हा एकदा विनंती. मामा आले नसतील तर मामांसारखं कुणीतरी यावं."

हे ऐकून बाबा धावले. डोक्यावर क्रेट घेऊन, नवीन कपड्यांत, तीन खाचरं उतरून एक माणूस धावत येतोय आणि मागे टोमॅटो उड्या मारत येतायत, असं ते दृश्य मंडपातल्या चारशे लोकांनी मान वळवून बघितलं. कुणीतरी क्रेट उतरवलं, कुणीतरी त्याच जागी फेटा चढवला आणि बाबा वृषालीताईला घ्यायला आत गेले. मामा मिळाला.

मी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि माईकपाशी गेले. माईक एका सफारीवाल्या काकांच्या ताब्यात होता. त्यांच्या हातात यादी.

"नाव?"

"ऋतिका हनुमंत..."

"मंगलाष्टकवाले सात. मुलाकडचे चार, मुलीकडचे तीन." त्यांनी बोट वरून खाली नेलं. "तुझं नाव हुतं. खोडलं. पावनं पोचलं नाय म्हणून तुझ्या जागी सरपंचांच्या मिसेसना घेतलं. आता यादीत नाव नाय, पोरी."

सकाळपासून मी अख्ख्या तालुक्याची नावं लिहीत होते. जिवंत लिहिली, गेलेली लिहिली, वाटणीवाली लिहिली. आणि माझंच नाव यादीत नव्हतं. मला बोलता येतं, दुसरा नंबर आहे माझा, पण मी नुसती ती कागदाची घडी त्यांच्यापुढे धरली.

वृषालीताई तोवर अंतरपाटापाशी येऊन उभी राहिली होती. तिने मला बघितलं, सफारीला बघितलं, आणि मुंडावळ्या बाजूला सारून सरळ म्हणाली, "काका, ती म्हणाल्याशिवाय मी हार घालणार नाही."

अंतरपाटापलीकडून नवरदेव सूरज घाईने म्हणाला, "मी पण नाही." त्याने नेमकं काय चाललंय ते विचारलं नव्हतं. माणूस चांगला वाटला.

गुरुजींनी घड्याळ बघितलं. बारा चौतीस. "यादी राहू द्या. हिचं एकच कडवं," ते म्हणाले. "चार वळी. आवरा."

माईक माझ्या हातात आला. बाबा ताईच्या मागे उभे होते. आई खांबापाशी हात उंच करून फोन लावत होती. मी कागद उघडला, आणि वक्तृत्वाच्या सवयीने समोर जे दिसलं ते पहिल्या शब्दापासून खणखणीत वाचलं:

"मागचा डावा दिवा बंद आहे."

चार कर्णे होते. वाक्य डोंगराला लागून परत आलं. मंडपातले सात-आठ जण उठून आपापल्या गाड्या बघायला गेले.

खाली लिहिलं होतं: 'उजवा आरसा तुटलेला. पीयूसी नाही. आठ दिवसांत दाखवणे.' सावळेरामांचं अक्षर सुंदर आहे. माझं मंगलाष्टक त्यांच्या पॅडच्या क्लिपमध्ये राहिलं होतं, घोडेगावजवळ, रस्त्याच्या कडेला.

मला एकदम सगळे चेहरे दिसले. चारशे. आणि मंडपाच्या खांबामागे एका माणसाला बसता येईल एवढी जागा होती, तीही दिसली. बरोबर आमच्या कोठीमागे असते तेवढी.

अंतरपाटाशेजारून ताईचा आवाज आला, हसू दाबलेला. "ऋतू. विहीर."

मी वर बघितलं. खांबाला बांधलेला कर्णा माझ्याकडे तोंड करून होता. गोल, काळा, खोल. मी त्यात बघितलं आणि म्हणायला लागले. *आली मंडपि आज ही नववधू...* पहिल्या ओळीला आवाज थोडा हलला. दुसऱ्या ओळीला नाही. तिसरीला लोक गप्प झाले, आणि चौथीला 'कुर्यात् सदा मंगलम्' सगळ्यांनी माझ्याबरोबर म्हटलं आणि अक्षता उडाल्या. बारा सदतीस. बाबा डोळे पुसत होते. त्यांच्या डोळ्यात अक्षता गेली होती, असं ते म्हणतात. दोन्ही डोळ्यांत गेली होती.

हार घातल्यावर आत्या धावत आली, मला घट्ट धरलं आणि म्हणाली, "किती गोड म्हटलंस गं!" मग जरा मागे होऊन, "माझं नाव नाही आलं ते?"

आईचा फोन शेवटपर्यंत लागला नाही.

तो दुसऱ्या दिवशी परत येताना डिंभ्याजवळ आपोआप जिवंत झाला. एकवीस मिस्ड कॉल. पाच आवाजी निरोप. चिमाकाकूंचा पहिला: "आमी समदी फोनभवती बसलो व्हतो. नुसतं टूं टूं. नाव घेतलं का आमचं?" गोरखकाकांचा: "हनम्या, घेतलं का नाय ते सांग. कुशाबा इचारतोय." अश्विनीमावशीचा सगळ्यात वाईट होता. ती काही बोलतच नव्हती, मागून तुकाबाई विचारत होत्या, "मालकांचं आलं का गं?"

"घेतलं म्हणून सांगू," आई म्हणाली. "कुणी ऐकलंय?"

मी म्हणाले, "सांगायचं नाही. तिथे जाऊन म्हणायचं." मलाच माझं आश्चर्य वाटलं. पण त्याला आधी कागद लागणार होता.

सावळेराम त्याच जागी होते. त्यांनी लांबूनच आमची गाडी ओळखली; दिवा अजून बंदच होता. खिशातून कागद काढून दिला. त्यावर लाल शाईने दुरुस्त्या होत्या. सहाही कडव्यांत. गोरखकाकांच्या ओळीत त्यांनी माझा 'न' खोडून शेजारच्या शब्दाला एक 'त' जोडला होता: *टोमॅटो पिकवीत गोरख सदा.* चाल तीच, आणि अर्थ सरळ. एक 'त'. मला सुचला नव्हता. मंचर येईपर्यंत मी तो 'त' बघत होते.

"मागच्या बाजूला बी हाये थोडं," सावळेराम म्हणाले होते. "ते घरी गेल्याव वाचा."

नारायणगावला गोरखकाकांनी आपलं कडवं उभं राहून ऐकलं. कुशाबाकाका बांधापलीकडून ऐकत होते, त्यांचं मी बांधाकडे तोंड करून म्हटलं. काकांनी विचारलं, "मंडपात म्हटलं तवा लोकं काय म्हणाली?" मी खरं सांगितलं, की मंडपात म्हणायला मिळालं नाही. काकांनी विचार केला. "म्हंजी हे फकस्त आमच्यासाटी म्हटलं?" आणि आणखी एक क्रेट आणलं.

आळ्याला मावशीचं झालं, तुकाबाईंचं झालं. मग राघूआजोबांचं. नाव आलं तशी तुकाबाईंनी पदर डोक्यावरून पुढे ओढला. मी संपवलं.

"परत म्हण," त्या पदराआडून म्हणाल्या. "मला घेता येत नाय. तू घे."

मी चारदा म्हटलं. पोहे थंड झाले, पण त्या दिवशी बाबा घड्याळाकडे बघत नव्हते.

निमगावला पोचल्यावर चिमाकाकूंच्या ओट्यावर शेवटचं कडवं म्हटलं. काकूंनी ते दुधासकट स्वीकारलं आणि विचारलं, "झालं? समद्यांची नावं झाली?"

"झाली," मी म्हणाले आणि कागद घडी घालायला उलटा केला. मागे लाल शाईत दोन ओळी होत्या:

*रस्त्याच्या कडला उभा अडवितो तो सावळेराम मी*
*दोषी वाहन ते, परंतु ऋतिका निर्दोष आहे कवी*

मी बोटांवर मोजलं. एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीस. कुठेही उगाच घातलेलं अक्षर नव्हतं.

"काय लिवलंय गं?" चिमाकाकू म्हणाल्या.

"काही नाही," मी म्हणाले. "गाडीचं आहे."

बाबा सोमवारी पीयूसी काढणार आहेत, दिवा आणि आरसाही करून घेणार आहेत. मग दाखवायला घोडेगावकडे जायचं आहे. एवढ्यासाठी दोघांनी कशाला जायचं, असं आई म्हणते. पण मी जाणार आहे. कागदावरचं एक नाव अजून म्हणायचं राहिलंय, आणि ते माणसासमोर उभं राहूनच म्हणावं लागतं.